वाटीवरचं नाव

"आज हे खरखरीत का लागतंय गं?" आत्यानं वाटी पुढे केली.

आत्याला दिसत नव्हतं. सहाव्या वर्षी गेलेल्या नातवाचं, बारशाच्या स्टीलच्या वाटीवर कोरलेलं नाव ती रोज बोटानं वाचायची. अरुंधतीनं पाहिलं, अक्षरांच्या खाचांत तांबूस गंज धरला होता.

खाडीत बुडालेल्या जहाजांचं लोखंड विरघळवायला अरुंधतीनंच प्रयोगशाळेत ते जिवाणू घडवले होते. पाच वर्षांत ते घराघरांत पोचले. स्टीलवर गंज रोखणारा, न दिसणारा एक पापुद्रा असतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. जिवाणू तो धरू देत नव्हते. म्हणून भांड्यांवर कोरलेली नावंच सगळ्यांत आधी खाल्ली जात होती. शेजारणीची कळशी तर तिच्या सासऱ्यांच्या नावातूनच गळत होती.

"वरून काही लावता येत नाही?"

"जिवाणू खाचेत शिरल्यावर लेप टिकत नाही, आत्या. नाव घासून काढलं तर वाटी वाचेल."

"आणि राहू दिलं तर?"

"महिन्याभरात दोन्ही जातील."

आत्यानं अक्षरांवरून एकदा शेवटचं बोट फिरवलं. मग म्हणाली, "घास."

अरुंधतीनं पॉलिश पेपरनं नाव घासून काढलं, वर लेप दिला. पण तिला राहवेना. तो वाळल्यावर पेन काढून तिनं त्याच जागी ठळक लिहिलं, 'चि. निनाद'.

"घे आत्या. परत लिहिलंय."

आत्यानं वाटीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग काठापासून बुडापर्यंत सावकाश चाचपलं.

"कुठं गं?"