लेकीचा फटका

"खांदा पुन्हा अर्ध्यातच थांबला," मास्तर म्हणाले. "पाठ पूर्ण फिरव, बाळा. चेंडू जिकडे जायचाय तिकडे तुझी पाठ दिसली पाहिजे. आणि ताकद दंडात शोधू नकोस, ती कमरेतून येते. स्टिक इतकी आवळू नकोस गं, जीव जाईल तिचा."

लेक हसली. तिनं पकड सैल केली, मान खाली घातली आणि फटका मारला. चेंडू उडाला खरा, पण मधेच दमल्यासारखा खाली आला आणि गवतावर थांबला. मास्तरांच्या चेंडूच्या जरा अलीकडे.

मास्तरांचं आयुष्य याच मैदानावर लोकांना गोल्फ शिकवण्यात गेलं होतं. शिकवायची रीत ठरलेली. आधी आपण मारून दाखवायचं, मग शिकणाऱ्यानं मारायचं. छातीचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा हात हलका पडला होता, पण रीत काही त्यांनी सोडली नव्हती.

उद्या संघाची निवड होती. निवडणाऱ्यांना लांब मारणाऱ्या मुली हव्या होत्या, आणि यंदा हुकलं की लेकीचं वय निघून जाणार होतं. सकाळपासून मास्तरांनी तिची पावलं बदलून पाहिली, मनगटं बदलून पाहिली, चेंडूपासूनचं अंतर बदलून पाहिलं. काही केल्या फटक्यात जोर येईना. लोकांच्या मुली शिकवून तयार केल्या आणि घरचीच मागे राहिली, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

गवत कापणारा आपलं मशीन बंद करून बघत उभा होता. जेवायला निघता निघता म्हणाला, "मास्तर, छातीवर एवढे टाके घेऊनही पोरीला पुढं जाऊ देत नाही तुम्ही."

"बाप आहे तिचा," मास्तर म्हणाले. त्यांना बरं वाटलं होतं, ते लपलं नाही.

"खडूस बाप," लेक म्हणाली.

गोळीची वेळ झाली म्हणून ते सामानाच्या खोलीत गेले. पाण्याचा ग्लास तोंडाशी नेताना खिडकीच्या बंद काचेतून त्यांना लेक दिसली. मैदानावर आता ती एकटीच होती. तिनं चेंडू ठेवला आणि स्टिक मागे नेली. खांदे फिरले, पाठ फिरली, डावी टाच अलगद उचलली गेली. मग आधी कंबर सुटली, तिच्यामागून खांदे, आणि हात सगळ्यांत शेवटी. स्टिक मानेमागे जाऊन विसावली तरी तिची नजर वरच होती. चेंडू अजून उतरायचा होता.

असा फटका दुसऱ्याच्या अंगात उतरवायचा, यासाठीच मास्तर जगले होते. हातातला ग्लास ठेवून त्यांनी उभ्याउभ्याच हात जोडले.

जोडलेले हात तसेच राहिले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मैदानावर आले होते तो दिवस त्यांना आठवला. त्यांचा चेंडू अगदी जवळ पडला होता आणि ते मटकन खालीच बसले होते. मग लेकीनं मारला, तो त्याच्याही अलीकडे पडला. घरी जाताना भेटेल त्याला ते सांगत सुटले होते, "बाप अजून पुढं आहे." तेव्हापासून ते रोज पुढंच होते.

गोळी घ्यायची राहूनच गेली. बाहेर येऊन त्यांनी खुर्ची ओढली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"मार."

"आधी तुम्ही मारा ना, बाबा."

"मी नाही मारत आता."

"बघितलं नाहीत तर चुकलं काय ते कळणार कसं तुम्हाला?"

"आवाजावरून कळतं. मार तू."

भिंतीचा रंग एका जागी सुटून आला होता. मास्तर त्या पोपड्याकडे बघत राहिले.

मग फटका बसला. कोरडा, स्वच्छ. त्यानंतर नुसती शांतता. चेंडू कुठं हरवला की काय असं वाटायला लागलं तेवढ्यात मैदानाच्या पार शेवटचा कुंपणाचा पत्रा खणकन वाजला. त्या पत्र्यापर्यंत मास्तरांचा चेंडू ऐन तारुण्यातही कधी गेला नव्हता.

"कुठं पडला गं?"

"मघाच्या तुमच्या चेंडूच्या जरा अलीकडे, बाबा."

मास्तर वळले नाहीत. डोळे भरून आले होते, पण हात वर नेला असता तर तिला मागून दिसला असता. म्हणून त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवरच ठेवले.

"बरं," ते म्हणाले. "उद्या तू एकटीच जा."