आजचा वार

करिष्मा शिमग्याला आईबापाबरोबर वीटभट्टीवरून खोडाळ्याला परतली आणि दुसऱ्याच दिवशी ती शिकत असलेल्या जव्हारच्या विद्यापीठ केंद्रात येऊन बसली. दिवाळीपासून पेटीत पडलेला तिचा तळहाताएवढा लिनक्सचा संगणक तिथल्या वाय-फायला काही केल्या जोडला जाईना. तिने आपलं नाव आणि पासवर्ड पुन्हा पुन्हा घातला. दर वेळी नकार आला, तशी ती रडकुंडीला आली.

सोबत आलेला तिचा बाप, तुका, बाकावरून म्हणाला, "त्याला आजचा वार सांगलास का?"

"वार?"

"मंग! भट्टीवं वार कळत नाय. घरा आल्यावं मी पयला तोच इचारतो."

करिष्माने संगणकाची तारीख पाहिली. पेटीत बंद असताना त्याचं घड्याळही थांबलेलं; त्याच्या लेखी अजून दिवाळीच चालू होती. विद्यापीठाच्या वाय-फायचं डिजिटल ओळखपत्र दिवाळीनंतर काढलेलं, म्हणजे त्याच्या हिशेबी पुढच्या तारखेचं, म्हणून संगणकच ते खोटं ठरवत होता. तिने तारीख बदलली आणि वाय-फाय झटक्यात लागलं.

"एवढ्यासाठी घाबरलीस?" तुका हसला. "यंत्रच तं हाय."

तिने डोळे पुसले.

"बा, मला वाटलेलं, भट्टीवर गेले म्हणून इथून माझं नावच कापलं."