हललीसुद्धा नाहीस

पोटातल्या बाळाच्या पाठीला सुरी टेकली आणि आजच बसवलेल्या वेदनामापकाचा काटा थेट लाल पट्ट्यात गेला. बाळ मात्र ढिम्म हललं नाही. हलणार तरी कसं? त्याने हलू नये म्हणून भूलतज्ज्ञ मृदुला केळशीकरांनीच त्याला स्नायू सैल करणारं औषध दिलं होतं. अकरा वर्षं बाळांना त्या तेवढंच देत आल्या होत्या. बाळ हलत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असंच सगळे धरून चालले होते.

"थांबा!" त्या ओरडल्या. वेदनाशामक दिलं, तेव्हा कुठे काटा उतरला.

दुपारी सात वर्षांची जुई आईबरोबर पेढे घेऊन आली. तिच्या पाठीचं ऑपरेशनही जन्माआधी इथंच झालं होतं. दर वाढदिवसाला ती न चुकता यायची.

"डॉक्टर, मी तेव्हा रडले होते का हो?"

"छे गं!" आई कौतुकाने म्हणाली. "इतकी शहाणी, हललीसुद्धा नाहीस. मॅडमनीच सांगितलं होतं मला. हो ना, मॅडम?"

जुई नमस्काराला वाकली. मृदुलाबाईंनी झटकन पाय खुर्चीखाली ओढून घेतले.