चित्रात काय राहिलंय?

डॉक्टरने चित्र टेबलावर ठेवलं, तेव्हा धाकटी मनातल्या मनात नव्या खोलीत सामान लावत होती. आज मावशीचं खोटं पकडलं, की मावशीची कायमची नोकरी तिची. नोकरीबरोबर बंदरामागची स्वतंत्र खोली, आणि खोलीबरोबर मोठ्या जावेच्या टोमण्यांपासून सुटका. जमेच्या बाजूला एवढं सगळं, खर्चाला काय? कानांनी ऐकलेलं तोंडाने खरं सांगायचं. सौदा जवळजवळ फुकटातच पडत होता.

बोटीतून उतरणाऱ्या परक्या माणसांची बुद्धी या खोलीत मोजली जाई. खोलीला दोन दारं होती. शहाणे ठरलेले डावीकडच्या दाराने शहरात जात, मंदबुद्धी ठरलेले उजवीकडच्या दाराने पुन्हा बोटीवर. डॉक्टरला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना डॉक्टरची. मधे बसायची मावशी, कित्येक वर्षांची जुनी दुभाषी. पण तिच्या टेबलावरून इतके शहाणे निघायला लागले, की डॉक्टरलाच शंका आली. मग त्याने तिच्या शेजारी तिच्याच मुलखातली दुसरी दुभाषी आणून बसवली. मावशी थोरली, म्हणून ही धाकटी.

धाकटी स्वतः याच खोलीतून पास होऊन शहरात गेलेली. त्या वेळी तिला डॉक्टरची भाषा ओ की ठो कळत नव्हती. पण आपली उत्तरं ऐकून त्याने मान डोलावली होती, एवढं पक्कं लक्षात होतं. ते ती भाजी निवडतानाही सांगे आणि कुणाच्या मयताहून परत येतानाही सांगे. मोठी जाऊ तिला तोंडावर ‘पहिला नंबर’ म्हणे. धाकटी ते कौतुकच समजे.

आज समोर एक बाई बसली होती. तिचा नवरा आणि दोन पोरं तपासणी होऊन डावीकडच्या दाराने पुढे गेली होती. ही तेवढी राहिली होती, आणि सारखी त्या दाराकडे बघत होती.

चित्रात दिवाणखाना होता. खुर्चीत एक बाई बसलेली, शेजारच्या तिवईवर विजेचा दिवा. दिव्याला तार नव्हती. हे चित्र डॉक्टरने स्वतःच्याच घरात बसून काढलं होतं. खुर्चीतली बाई त्याची बायको. त्याच्या लहानग्या लेकीने तार नाही हे पटकन ओळखलं, तेव्हापासून हा प्रश्न सोपा ठरला होता. समोरच्या बाईने मात्र विजेचा दिवा पहिल्यांदा पाहिला तो काल, बंदराच्या छताला. तोही इतका उंच, की तो पेटतो कशावर हे दिसणं शक्यच नव्हतं.

“या चित्रात काय राहिलंय?” डॉक्टरने विचारलं आणि हातातल्या घड्याळाची कळ दाबली. मावशीने प्रश्न आपल्या भाषेत सांगितला.

बाई बघत राहिली. मग संकोचून म्हणाली, “काम राहिलंय. भर दिवसा बाई अशी रिकाम्या हातांनी बसेल का हो? काहीतरी द्या तिच्या हातात. निदान विणायला तरी.”

मावशीने चेहऱ्यावरची रेषही न हलवता डॉक्टरला सांगितलं, “दिव्याची तार राहिली, म्हणते.”

“नाही डॉक्टर!” धाकटी उभीच राहिली. “दिव्याचं नावसुद्धा घेतलं नाही तिने! बाईच्या हातात काम नाही, असं म्हणाली ती.”

डॉक्टर काही वाईट माणूस नव्हता. त्याने आवाजही चढवला नाही. चष्मा काढून पुसला आणि मावशीला म्हणाला, “शास्त्रात दया चालत नाही, बाई. तुम्ही घरी जा.” मग धाकटीला मावशीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

मावशी भांडली नाही. शाल उचलली आणि जाता जाता धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून आपल्या भाषेत म्हणाली, “पोरी, हेच चित्र तुझ्यापुढेही होतं. ‘बाईच्या मांडीवर पोर राहिलंय’ म्हणाली होतीस. मी तार सांगितली. अजून वेळ गेलेली नाही, सांग त्याला. तार तुलाही दिसली नव्हती, आणि आज त्याचीच भाषा घडाघडा बोलतेस. एवढं ऐकलं तर त्यालाही पटेल, आणि ही बाई वाचेल.”

मांडी, पोर, सगळं धाकटीला आठवलं, आपल्याच आवाजात. डॉक्टरची मान डोलली होती ती मावशीच्या उत्तराला.

“काय म्हणते ती?” डॉक्टरने विचारलं.

ऐकलेलं जसंच्या तसं सांगायचं, हीच तर नोकरी होती. धाकटीने बाईकडे पाहिलं. मग उजवीकडच्या दाराकडे. मग खुर्चीकडे.

“निघते, म्हणाली,” धाकटीने सांगितलं.

डॉक्टरने बाईच्या कागदावर ‘मंदबुद्धी’ लिहिलं, आणि दाराशी उभ्या शिपायाने तिला उठवलं. तिला उजवीकडे वळवलं तशी ती थबकली. “ताई, माझी माणसं त्या दाराने गेली ना? मग हा मला इकडे कुठे नेतोय?”

धाकटी टेबलावरचं चित्र सरळ करत राहिली.

मावशी त्या खुर्चीत बसून रोज खोटं बोलली. त्याचा फायदा बोटीच्या बोटींना झाला आणि किंमत तिने एकटीने चुकती केली. धाकटी एकदाच खोटं बोलली. फायदा तिला एकटीला झाला. किंमत भरली ती दोन पोरांनी, डावीकडच्या दारापलीकडे, आई आत्ता येईल म्हणून बाकावर तिची जागा धरून.