सरळ हाताची खोड

"परत सरळ!" बाईंनी भिंतीवर तळहात फिरवला आणि तोच हात कपाळावर मारून घेतला. कपाळाला ओला चुना लागला.

मिस्त्रींनी मान खाली घातली. चाळीस वर्षं गिलावा करण्यात गेली होती. भिंत वाकडी झाली म्हणून शिव्या खाल्ल्या होत्या त्या उमेदवारीच्या दिवसांत. सरळ झाली म्हणून बोलणी खायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, आणि तीही एकाच भिंतीपायी तिसऱ्यांदा.

खोली बाईंच्या वारलेल्या आत्याची. ओलीनं जुना गिलावा फुगून पडला होता, म्हणून नवा करायचा. पण बाईंची एकच अट होती. भिंतीला जिथे पोट होतं तिथे पोट हवं, जिथे खळगा होता तिथे खळगा. दगडाच्या अंगानं पातळ हात द्यायचा, बस्स. ऐकायला सोपं. पण खळगा दिसला की तो भरल्याशिवाय मिस्त्रींच्या हाताला चैनच पडत नसे. त्यांनी डाव्या हातानं थापी मारून पाहिली. एक डोळा मिटून पाहिला. भिंतीचा सरळपणा जोखायचा ओळंबा तर मुद्दाम घरी ठेवून आले. तरी भिंत आपली सुतासारखी सरळ.

"मिस्त्री, शेवटचं सांगते," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी मी येईन तेव्हा ही भिंत आत्याची दिसली पाहिजे. नाहीतर उद्या दुसरा माणूस बघते."

चपला पायांत सरकवून त्या बहिणीकडे निघून गेल्या.

मिस्त्री पालथ्या घमेल्यावर बसले. कामाला तोटा नव्हता. पण या वयात हाताला नावं ठेवून कुणी घालवून द्यावं? त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दारात बाईंचे यजमान उभे होते, हात मागे बांधून. गणिताचे निवृत्त मास्तर. पहिल्या दिवसापासून ते तिथेच उभे राहून सूचना सोडत. थापी कशी धरावी, चुना किती घट्ट हवा, सगळं त्यांना ठाऊक. फक्त हात कशाला लावला नव्हता.

"आमच्या हिचं काहीतरीच," मास्तर म्हणाले. "भिंत सरळच हवी. पण सरळ करायलाही तुम्हाला अख्खा दिवस लागतो, हे मला कळत नाही. नव्वद अंश, संपला विषय!"

मिस्त्रींनी मास्तरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग त्यांच्या मिशीत हसू फुटलं. त्यांनी भराभर ओला गिलावा खरवडला, दगड मोकळे केले, नवा चुना कालवला आणि थापी मास्तरांपुढे धरली.

"मग दाखवाच, मास्तर. एकदम सरळ करा. अगदी जीव ओतून."

मास्तरांनी बाह्या सरसावल्या. दुपारभर घाम गाळला. दर चार थापांनी मागे सरकून ते भिंतीकडे बघत, मान डोलावत, पुन्हा भिडत. मिस्त्री चुना पुरवत राहिले आणि "वा, काय हात आहे!" म्हणत राहिले. दोनदा त्यांची बोटं शिवशिवली. दोन्ही वेळा त्यांनी हात खिशात कोंबले.

संध्याकाळी बाई आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. खिडकीखाली भिंतीला छान पोट सुटलं होतं. कोपऱ्यात खळगा होता. वरची कड डुलत डुलत छताला जाऊन भिडली होती. बाईंचे डोळे भरून आले.

"अगदी आत्याची भिंत! मिस्त्री, इतकी वाकडी जमली तरी कशी हो तुम्हाला?"

मिस्त्रींनी काही बोलायच्या आत मास्तर पुढे आले. डोक्यापासून पायापर्यंत चुन्यानं माखलेले, शाबासकी घ्यायला छाती पुढे काढलेली.

"वाकडी?" ते म्हणाले. "कुठे वाकडी आहे?"