पट्टीतला घोटा

गेल्या शिमग्यात पालखी नाचवताना नितेशचा घोटा मुरगळला आणि देवीसकट पालखी जमिनीला टेकली. कोणी त्याला दोष दिला नाही. तेच त्याला झोंबलं. वर्षभर तो दार लावून व्यायाम करायचा: पायाच्या बोटांनी टॉवेल ओढणं, चवड्यांवर उठणं, भिंत धरून एका पायावर उभं राहणं. घोटा बरा झाला, लाज गेली नाही. आज यंदाच्या पालखीचे ढोल दाराजवळ येताच पायाला पट्टी गुंडाळून तो ओटीवर बसला. “अजून दुखतो काय रे पाय?” पालखीखालून आप्पा मानकऱ्यांनी विचारलं. त्याने मान डोलावली. तेवढ्यात लेक ओरडली, “खोटं! सकाळीच लंगडी खेळले पप्पा. मला हरवलं!” ढोल थांबले. सगळ्या वाडीदेखत तो पट्टीचे वेढे सोडू लागला. घोटा जरासुद्धा सुजलेला नव्हता. आप्पांनी आपली जागा सोडली. “देवी थांबलीय. खांदा दे.” त्याने दिला, पण देवीकडे बघवेना.