दुसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या

तीन वाजता मेट्रनने टीव्हीवर रोजची मालिका लावली आणि दुसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या स्वतःच्या हाताने जवळ सरकवल्या. आज आजींची मुलगी यायची होती. काय तो सोक्षमोक्ष आजच लावायचा, असं तिने ठरवलं होतं.

आजींना वृद्धाश्रमात ठेवताना मुलीने एकच बजावलं होतं. "आईच्या जवळपास कुणा पुरुषाला फिरकू देऊ नका." का, ते विचारल्यावर तोंडाला कुलूप. मेट्रनने तिला मनातल्या मनात मालिकेतल्या भावाच्या पंक्तीला बसवून टाकलं.

मालिका जुनीपुराणी. मालकाची मुलगी, माळ्याचा मुलगा आणि मध्ये दातओठ खाणारा भाऊ. अख्ख्या वृद्धाश्रमाला संवाद तोंडपाठ. फक्त आजींना रोज सगळं नवं, कारण सकाळचं त्यांना दुपारी आठवत नसे. "पुढे काय होतं हो?" त्या विचारत आणि शेजारचे आजोबा न कंटाळता सांगत.

आजोबा दोन महिन्यांपूर्वी आले. एकटे, अबोल. आजींना पाहून पहिल्याच दिवशी दारात थबकले. दुसऱ्या दिवसापासून आजींचा चहा तेच आणू लागले, बिनसाखरेचा, अगदी कमी दुधाचा. आजींना तो तसाच लागतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. प्रेमात न सांगता कळतं, म्हणून मेट्रन खूश.

"त्यांना खरंच काही आठवत नाही?" आजोबांनी एकदा मेट्रनला विचारलं होतं.

"काही म्हणजे काही नाही."

"बरंच झालं," आजोबा म्हणाले. केवढा मोठ्या मनाचा माणूस, असं मेट्रनला वाटलं.

आता दोघांना एक खोली हवी होती. त्यासाठी मुलीची सही लागणार होती.

मुलगी आली तशी मेट्रनने तिला दारातच गाठलं. "ताई, रागावू नका. तुमचं न ऐकता मी आजींना एका आजोबांशेजारी बसू दिलं. दोघांना एकत्र राहायचंय. या वयात आपण कशाला आड यायचं?"

मुलीने हॉलच्या बंद दाराकडे पाहिलं.

"आई हसते?"

"रोज."

मुलीचे डोळे भरून आले. तिने पर्समधून पेन काढलं. "करते सही. पण आधी माणूस बघू द्या."

मेट्रनने हॉलचं दार हळूच ढकललं. आजोबांनी आजींचा हात हातात घेतला होता. आजी खुदुखुदु हसत होत्या.

मुलगी दोन पावलं मागे सरकली.

"हे माझे बाबा आहेत," ती म्हणाली. "यांच्या मारातून आईला सोडवायला मला वीस वर्षं लागली."